पाठीवरचें बिऱ्हाड

कार्तिकी पौर्णिमा उलटली कीं चिंचवड गांवांत पवनेच्या कांठीं पहाटेचें धुकें उतरूं लागतें. मोरया गोसावींच्या समाधिमंदिराच्या पायऱ्या तेव्हां अशा गार पडतात कीं अनवाणी पावलाला चटका बसावा. किमान तपमान १०-१२ अंशांवर येणें ही कांहीं हिमालयवासीयांस सांगण्याजोगी गोष्ट नव्हे. परंतु ज्या घरांत चौसष्ट वर्षांच्या गृहिणीचे गुडघे बारा वर्षें दुखत आहेत, त्या घराला तेवढी थंडी पुरते.

हा लेख आम्ही उभयतांनीं मिळून लिहिला आहे. एकानें सांगावें, दुसऱ्यानें लिहावें, आणि लिहिलेलें वाचून पहिल्यानें "अहो, असें नव्हतें झालें" म्हणावें, अशा रीतीनें तो सिद्ध झाला. जेथें एकमत झालें नाहीं तेथें दोन्ही पक्ष नमूद केले आहेत. न्याय वाचक भगिनी-बंधूंनीं करावा.

आमचें घर सतरा माणसांचें. तिघे भाऊ, त्यांच्या संसारांचा एक स्वयंपाक, आणि सर्वांवर अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री. आमच्या विवाहास २०२३ सालीं एकेचाळीस वर्षें झालीं. तेवढ्या काळांत आम्ही दोघेंच मिळून कोठें राहिलों याचा एकदां हिशेब मांडला, तो सोळा दिवस भरले. त्यांतही चार दिवस एका आप्ताच्या आजारपणासाठीं मुंबईच्या इस्पितळांतील बांकावर काढलेले. एकत्र कुटुंबांत माणूस एकटा पडत नाहीं हें खरेंच. पण दोघांस दोघेंच होण्याची संधि तेथें सहसा मिळत नाहीं, हेंही खरें. याची खंत आम्हांस होती असें म्हणवत नाहीं. ती नव्हती, कारण ती करावयास सवड नव्हती.

त्या वर्षीं डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें कीं, ऊबेनें सांध्यांचा ताठरपणा उतरेल, मात्र झिजलेली कूर्चा कांहीं भरून यायची नाहीं. शस्त्रक्रियेचा विचार उन्हाळ्यानंतर करूं, तोंवर थंडींत जपा. आमचे एक भाचे कॅनडांत असतात. ते दूरध्वनीवर म्हणाले, "मामी, इकडे थंडी पडूं लागली कीं म्हातारीं जोडपीं मोटारींतच घर थाटून फ्लॉरिडा-ॲरिझोनाकडे निघतात आणि वसंतांत परततात. त्यांना येथें 'हिमपक्षी' म्हणतात. तुम्हीही तसेंच करा." भाचे थट्टेनें बोलले, परंतु ऐकणाऱ्यांपैकीं एकाचें उभें आयुष्य आकुर्डीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्यें गेलेलें होतें, हें ते विसरले.

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची उभारणी झाली. मागाहून बजाज, टेल्को आल्या, आणि जेथें आमचे वडील हुरडा खायला जात तेथें भोंगे वाजूं लागले. आम्ही लहानाचे मोठे झालों ते मोटारींचे सांगाडे रस्त्यानें जातांना पाहात. बजाज टेंपोची मॅटॅडोर (त्या कंपनीचें नांव आज फोर्स मोटर्स) आमच्या आळींत भाजीपासून वऱ्हाडापर्यंत सर्व कांहीं वाहात असे. अशा गांवच्या माणसाला गाडी म्हणजे कोणी तरी तयार करून द्यावयाची वस्तु वाटत नाहीं. ती आपण करावयाची वस्तु वाटते. जुनी, उंच छपराची एक प्रवासी गाडी विकत घेतली, आणि भोसरींतील एका स्नेह्याच्या लहानशा कारखान्यांत चार महिने तिच्यावर काम चाललें. परिवहन कार्यालयाची फेरफाराची मंजुरी घेण्यांत आणखी दीड महिना गेला. साडेसात टनांच्या आंतील वाहन नेहमींच्या चारचाकीच्या परवान्यावर चालवितां येतें, ही एक सोय.

आंतील जागा दहा फूट लांब व साडेपांच फूट रुंद. बांक उलगडला कीं बिछाना; बिछान्याखालीं ऐंशी लिटरची पाण्याची टांकी; दाराशीं शेगडी, पांच किलोंचें गॅसचें नळकांडें, आणि परातीएवढें धुण्याचें भांडें. छपरावर सौर तावदान, त्याच्या शेजारीं वाऱ्यासाठीं एक झरोका. हा झरोका आमच्यांतील कारागिरानें स्वतः कापला, स्वतः बसविला व स्वतः डिंक भरून बंद केला. तो पुढें या हकीकतींत पुन्हां येणार आहे.

सुटसुटीत शौचपात्र बसवावें कीं नाहीं, यावर घरांत पंधरा दिवस खल झाला. मातोश्रींनीं एकच प्रश्न विचारला, "चूल आणि तें एका खोलींत?" त्यावर टूलरूमचें सारें ज्ञान कामीं आलें नाहीं. पात्र बसविलें नाहीं. पेट्रोलपंप, धर्मशाळा व देवस्थानें यांवर आम्ही महिना काढला. आपल्या देशांत कॅरॅव्हॅन पर्यटनाचीं धोरणें झालीं आहेत, महाराष्ट्रानें २०२१ सालीं केलें, केरळानेंही त्याच वर्षीं 'केरवन' नांवानें केलें; परंतु आमचा अनुभव असा कीं, अशा प्रवासांत खरा आधार धोरणाचा नसून पेट्रोलपंपावरील झाडूवाल्या बाईचा असतो.

सामान भरतांना मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुळिथाचें पीठ, आमसुलें हें सर्व चढलें. देव घरींच राहिले; त्यांची पूजा धाकट्या वहिनींनीं घेतली. एक सुपारी तेवढी तांदळांत ठेवून गणपति म्हणून बरोबर आली. घरच्या मंडळींनीं एक अट घातली कीं, मोरया गोसावींच्या समाधि-उत्सवापूर्वीं, म्हणजे मार्गशीर्ष वद्य षष्ठीच्या आधीं, परत यावयाचें. आणि आमच्यांतील एकाची एक अट होती, कन्याकुमारी पाहावयाचीच. तिचें कारण सांगितलें पाहिजे. एकनाथजी रानडे यांनीं विवेकानंद शिलास्मारकासाठीं देशभर एकेक रुपया मागितला, तेव्हां आमच्या शाळेंतही डबा फिरला होता. त्या डब्यांत आम्हीं मुंजींत मिळालेला रुपया टाकला. १९७० सालीं तें स्मारक पुरें झालें. आपला रुपया कोठल्या दगडांत आहे हें पाहावें, ही इच्छा पन्नास वर्षें मनांत होती. ऊब हें निमित्त खरें, पण नकाशावरची तांबडी रेघ त्या रुपयानें ओढलेली होती.

मातोश्रींच्या पायां पडलों तेव्हां त्या म्हणाल्या, "मी कोठें जात नाहीं. तुम्ही या जाऊन." या वाक्याचा दुसराही अर्थ होतो, तो आम्हां दोघांसही लागला, आणि कात्रज येईपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं.

२९ नोव्हेंबर २०२३. खंबाटकीचा घाट चढून सातारा, मग कऱ्हाड. कृष्णा आणि कोयना तेथें समोरासमोर येऊन मिळतात. नद्यांचा असा संगम क्वचित्. सूर्य मावळतांना तो पाहिला आणि महामार्ग सोडून साखर कारखान्याकडे जाणाऱ्या एका आडवाटेवर, चहाच्या टपरीमागच्या मोकळ्या जागेंत, मालकाच्या परवानगीनें मुक्काम केला. पिठलें-भात झाला. भांडीं घासलीं. हात धुवावयास नळ उघडला तों तो सुस्कारा टाकून बंद पडला. ऐंशी लिटर पाणी एका दिवसांत संपलें होतें! घरीं नळाखालीं जशीं भांडीं धुवावयाचीं तशींच येथेंही धुतलीं, असें एका पक्षाचें म्हणणें. दुपारीं गाडीच्या कांचा धुण्यांत निम्मी टांकी गेली, असें दुसऱ्याचें. दोन्ही खरें आहे.

टपरी बंद झाली होती. पलीकडे शेताच्या बांधावर पंधरा-वीस कोप्या होत्या. बांबूच्या कमानीवर ताडपत्री टाकलेल्या या खोपटांतून ऊसतोडीसाठीं आलेलीं माणसें राहातात. दिवाळी झाली कीं बीड, जालना, नगर या भागांतून तीं बैलगाड्या, ट्रॅक्टर यांवर संसार लादून कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यांत व पलीकडे कर्नाटकांतही उतरतात, आणि गळीत हंगाम संपला कीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते; ती अंगावरून फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा. टोळींत माणसें माणशीं मोजीत नाहींत, कोयत्यानें मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटें माणूस असेल तर अर्धा कोयता. शाळेंत, पंगतींत, शिधापत्रिकेवर सर्वत्र माणसें मोजतांना पाहिलीं होतीं. जोडप्याला एकच हत्यार मानणारा हिशेब आम्हीं तेथें प्रथम ऐकला.

कळशी घेऊन आमच्यांतील गृहिणी लंगडत त्या कोप्यांकडे गेली. एका बाईनें विचारपूस न करतां दोन हंडे भरून स्वतः आणून दिले. मग गाडींत डोकावून म्हणाली, "मायबाई, घरच की हो हे! तुमी दोघंच? लेकरं कुठंयेत?"

"मोठीं झालीं. घरीं आहेत."

"मग कामून निघालात?"

"गुडघे दुखतात. थंडी सोसत नाहीं. ऊब पाहिजे म्हणून दक्षिणेला चाललों."

ती मोठ्यानें हसली. "ऊब पायजे? या की पाचटात झोपायला, लई ऊब." तिची मोठी मुलगी शाळेसाठीं गांवीं आजीपाशीं होती, तीन वर्षांचा मुलगा बरोबर. तो अद्याप स्पष्ट बोलत नव्हता. आम्ही समुद्राकडे जाणार असें कळल्यावर ती जातां जातां थबकली. "शंखातलं पाणी पाजलं की लेकरू बोलतंय म्हणत्यात. घावला तर एक शंख आणा. पैसं दीन." आमच्या आजीचीही हीच समजूत होती. डॉक्टरांना दाखवा, असें आम्ही म्हणालों; तिनें मान डोलाविली, जशी आपण डॉक्टरांपुढें डोलावतों तशी.

पहाटे तीन वाजतां कोप्यांतून खोकल्याचे, भाकरी थापण्याचे, बैलांच्या घुंगरांचे आवाज आले आणि अर्ध्या तासांत सर्व सामसूम झाली. उजाडल्यावर टपरीवाल्यानें सांगितलें कीं, टोळीला पाण्याचा टँकर एक दिवसाआड येतो आणि दर कोपीस हंडे ठरलेले असतात. आम्हीं रात्रीं तिचे दोन हंडे घेतले होते! गाडी घेऊन गांवांत गेलों, टांकी भरून आणली आणि तिच्या कोपीपुढचीं सारीं भांडीं भरून ठेवलीं. शेंगदाण्याच्या चटणीची बरणीही ठेवली. गाडी हलली तेव्हां आमच्यांतील एक म्हणालें, "म्हणजे आपलाही एक कोयताच कीं." दुसरें म्हणालें, "आपल्या अंगावर उचल नाहीं." त्या दिवसापासून आम्ही दोघें मिळून तीस लिटरांत दिवस काढूं लागलों.

कोल्हापूर, नरसोबाची वाडी, धारवाड, चित्रदुर्ग. हा भाग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेला आहे, तेव्हां त्यावर शाई खर्चीत नाहीं. वाडीची बासुंदी पूर्वींसारखी दाट राहिली नाहीं अशी तक्रार आमच्या वडिलांनीं केली होती, तीच आम्हींही केली. यावरून ती बहुधा नेहमींच तशी असावी. दर दिवशीं रात्रीचा गारवा थोडथोडा कमी होत होता. चित्रदुर्गास गृहिणीनें पायमोजे काढून ठेवले व तीन पायऱ्या न धरतां चढून दाखविल्या.

५ डिसेंबर रोजीं बंगळुराच्या वळणरस्त्यावर होतों. आदल्या दिवशीं चेन्नई शहर पाण्यांत बुडालें होतें आणि त्या दिवशीं मिचाँग नांवाचें चक्रीवादळ आंध्र किनाऱ्यावर बापटल्याजवळ चढलें. "तिकडे पाऊस आहे म्हणतात," गृहिणी म्हणाली. "चेन्नई आपल्या वाटेवर नाहीं," असें उत्तर मिळालें. उत्तर भूगोलाच्या दृष्टीनें बरोबर होतें.

येथें आमच्या अज्ञानाची कबुली देणें भाग आहे. आपण महाराष्ट्रीय लोक पावसाळा म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत असें समजतों, व दसऱ्यानंतर आकाश स्वच्छ धरून चालतों. तामिळ देशाचा पावसाळा निराळा. आपला नैर्ऋत्येचा पाऊस सह्याद्रीच्या अलीकडेच रिता होतो; पलीकडचा कोरोमंडल किनारा त्या वेळीं कोरडा असतो. मग सूर्य दक्षिणेस गेला म्हणजे वारे फिरतात, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून पाणी उचलतात आणि तें त्या किनाऱ्यावर ओततात. तामिळनाडूला वर्षाचा जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत मिळतो. ऊब शोधण्यासाठीं आम्हीं जो महिना निवडला, तो त्यांचा ऐन पावसाळा! घरीं पंचांग होतें, नकाशा होता, खिशांत सर्वज्ञ दूरध्वनि होता. विचारलें मात्र कोणींच नाहीं, कारण आपल्याला माहीत आहे अशी खात्री होती.

८ डिसेंबरला तंजावर आलें, आणि पाऊसही. तेथें आम्ही पांच दिवस राहिलों. राजराज चोळानें इ. स. १०१० च्या सुमारास पुरें केलेलें बृहदीश्वराचें देऊळ ओल्या दगडांत सोनेरी दिसतें, हें पाऊस नसता तर आम्हांस कळलें नसतें. त्या देवळाच्या भिंतीवर १८०३ सालीं सरफोजीराजांनीं भोसल्यांच्या वंशाचें चरित्र मराठींत कोरवून घेतलें. बाराशें किलोमीटर दूर येऊन, चहूंकडे तामिळ चालली असतां, भिंतीवरची देवनागरी अक्षरें समोर आलीं आणि छत्री मिटून आम्ही तीं बोटानें वाचीत उभें राहिलों. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं येथें राज्य बसविलें, तें १८५५ पर्यंत टिकलें. सरस्वती महाल ग्रंथालयांत मोडींचीं दप्तरें अजून आहेत. हे सरफोजीराजे काशीयात्रेस निघाले तेव्हां त्यांच्याबरोबर मोठा लवाजमा, तंबू, पुस्तकें, वैद्य असें चालतें नगरच होतें. वाटेंत ते देवळें पाहात, ग्रंथ जमवीत. आमच्या दहा फुटी बिऱ्हाडाला तेवढाच काय तो राजाश्रयाचा दाखला.

देवळांत एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांचे पूर्वज कोण्या पिढींत तिकडे गेले हें त्यांनाही सांगतां येईना. घरांत मात्र मराठी राहिली होती. तिचे हेल तामिळ, शब्द मात्र आमच्या पणजीच्या तोंडचे. "पाय दुखतात तर पावसांत कां आलात?" असें त्यांनींही विचारलें. हा प्रश्न प्रवासांत दुसऱ्यांदां आला होता.

पांचव्या रात्रीं छपरावरचा तो झरोका गळूं लागला. कारागिरानें भरलेला डिंक एका कोपऱ्यांत सुटला होता. थेंब बिछान्याच्या नेमक्या मध्यावर पडत होता. पातेलें ठेवलें, पण पातेल्यासाठीं जागा केली तर माणसांस आडवें होतां येईना. पहाटेपर्यंत आम्ही भिंतीशीं टेकून बसलों. गृहिणीचे गुडघे सुजून तांबडे झाले होते. सकाळीं नकाशा उघडला गेला आणि तांबड्या रेघेवरून बोट फिरूं लागलें : रामेश्वर, तिरुनेलवेली, १७ तारखेस कन्याकुमारी. पाऊस कांहीं रोज नसतो, डिंक आज आणूं, गोळी घे.

तेव्हां ती जें म्हणाली तें तिच्याच शब्दांत दिलें पाहिजे, असा दुसऱ्या पक्षाचा आग्रह आहे. "अहो, तुम्हीं मला ऊब द्यायला आणलेत, कीं नकाशा पुरा करायला?"

घरीं असा प्रश्न ती विचारती ना. घरीं कोणी तरी मध्यें येतें, चहा होतो, मुलें खेळत येतात, आणि बोलणें हवेंत विरतें. सतरा माणसांच्या घरांत भांडण करावयाचें तर जागा शोधावी लागते; म्हणून पुष्कळशीं भांडणें व्हावयाचीं राहूनच जातात. येथें मध्यें यावयास कोणी नव्हतें. बाहेर पाऊस होता, म्हणून उठून जातांही येईना. तासभर कोणी बोललें नाहीं. पातेल्यांत थेंब पडत होता. मग त्या रुपयाची गोष्ट, जी तिला आजवर सांगितलीच नव्हती, ती सांगितली गेली. ती ऐकून ती इतकेंच म्हणाली, "एवढें होतें, तर आधीं सांगायचें." "मग आलीस असतीस?" "आलें असतें. आणि पाय मोडून घेतले असते." यावर दोघांनाही हंसूं आलें, आणि नकाशाची घडी उलट बाजूनें घातली गेली.

१३ तारखेस पश्चिमेकडे वळलों. कोइमतूरच्या पुढें पालघाटाशीं सह्याद्रीची भिंत सुमारें तीस किलोमीटर तुटलेली आहे. त्या खिंडींतून केरळांत उतरलों, आणि मावळतीच्या उन्हांत नारळीच्या लांब सांवल्या रस्त्यावर पडलेल्या पाहिल्या. ऊन! गाडी थांबवून गाद्या छपरावर वाळत घातल्या. मग कोळिकोड, मंगळूर, उडुपी असें किनाऱ्यानें वर सरकत १७ तारखेच्या दुपारीं गोकर्णाच्या अलीकडे एका कोंकणी बोलणाऱ्या कुटुंबाच्या माडाच्या वाडींत, रोजच्या ठराविक भाड्यानें, चाकांखालीं दगड लावले.

त्याच रात्रीं व दुसऱ्या दिवशीं तामिळनाडूच्या दक्षिण टोकाला आभाळ फाटलें. कायलपट्टिनम् येथें चोवीस तासांत ९५ सेंटिमीटर पाऊस पडला. ताम्रपर्णीला पूर आला. श्रीवैकुंठम् स्थानकांत सुमारें आठशें प्रवाशांची आगगाडी अडकून पडली. आमची तांबडी रेघ नेमकी तेथूनच जात होती. बातमी ऐकून आम्हांपैकीं कोणीही "बघा, मी म्हणत होतें" असें म्हटलें नाहीं, याची नोंद कृतज्ञतेनें करीत आहों.

गोकर्णास दहा दिवस राहिलों, आणि तेथें आम्हीं काय केलें म्हणाल तर कांहींच नाहीं. महाबळेश्वराचें दर्शन एकदां झालें. बाकी रोज सकाळीं आठाच्या सुमारास वाळू तापूं लागली कीं तींत गुडघ्यांपर्यंत पाय पुरून बसावयाचें. रात्रींही पातळ चादर पुरे होई. चौथ्या दिवशीं सूज उतरली. सातव्या दिवशीं गृहिणी मांडी घालून जेवावयास बसली, ती गेल्या दोन वर्षांत प्रथमच. रात्रीं आठ वाजतां घरीं दूरध्वनि होई. मातोश्री एकच विचारीत, "पाय कसे?" आणि उत्तर ऐकून लगेच दुसऱ्याच्या हातीं देत.

तेथें एक गोष्ट कळली. रोज पहाटे चार वाजतां गाडींत कांहीं हालचाल होई. पाहिलें तर गृहिणी उठून दाराशीं अंधारांत बसलेली असे. "झोंप येत नाहीं का?" असें विचारल्यावर म्हणाली, "चारला जागच येते. आल्यापासून बंब पेटवायला उठत होतें ना." बंब जाऊन घरांत विजेची शेगडी आली त्याला पंचवीस वर्षें झालीं. त्यानंतरही ती रोज चारला उठत होती, आणि सहाला उठणाऱ्या माणसाला तें एकेचाळीस वर्षें ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघेंही चारला उठून दाराशीं बसूं लागलों. फार बोलणें होत नसे. समुद्र काळा असे व मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे हलत असत.

२७ डिसेंबरला निघालों. गोकर्णाच्या बाजारांत एक मध्यम शंख घेतला होता. अंकोला, हुबळी, बेळगांव करीत दुसऱ्या दिवशीं दुपारीं कऱ्हाडजवळच्या त्या टपरीशीं आलों, तों शेत मोकळें, कोप्यांच्या जागीं चुलींचे काळे डाग. टोळी नऊ-दहा किलोमीटरांवर दुसऱ्या गांवीं हलली, असें टपरीवाल्यानें सांगितलें. विचारीत विचारीत गेलों. ती फडांत मोळ्या बांधीत होती. आम्हांला तिनें ओळखलें नाहीं, गाडीला ओळखलें.

शंख तिनें हातांत घेऊन फिरवून पाहिला, कनवटीला हात घातला. पैसे नकोत म्हटल्यावर म्हणाली, "मग लागू कसा पडंल?" म्हणून एक रुपया घेतला. पोरानें शंख कानाला लावला, आंत डोळा घालून पाहिलें आणि तो घेऊन पाचटांत जाऊन बसला. आमच्या आग्रहावरून तिनें मुकादमाला विचारून, ट्रकांतून जातां येईल तेव्हां, कऱ्हाडच्या सरकारी रुग्णालयांत त्याला दाखवावयाचें कबूल केलें. खाडा पडला तर पैसे कापले जातात, हेंही तिनेंच सांगितलें.

"गुडघं कसं हायेत आता?"

"बरे आहेत. मांडी घालतां येते."

"माझं बी दुखत्यात," ती मोळीला गांठ मारीत म्हणाली. पलीकडून ट्रकवाल्यानें भोंगा वाजविला. तिनें मोळी डोक्यावर उचलली, फळीवरून चढून वर टाकली, आणि उतरतांना पांच ऊस काढून आमच्या गाडीच्या दारांतून आंत सरकविले. ते दहा फुटांत मावेनात. शेंड्यांकडून तोडून तिरपे ठेवावे लागले.

रात्रीं नवाला चिंचवडास पोहोंचलों. पवनेवर धुकें होतेंच. मुलांनीं ऊस ओसरीवर ओढून नेले आणि तेथेंच सोलण्याचा सपाटा लावला. मातोश्री आंतून विचारीत होत्या, कोणाचा ऊस, कोठला. आणि आपल्याला दांत नाहींत तेव्हां एक कांडें उद्यां रस काढण्यासाठीं कोणी तरी बाजूला ठेवावें.